१९६६ मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन: आधी नवे पार्ट की आधी भूमिती?

फास्टबॅक६६

गाडी १९६६ ची मस्टँग फास्टबॅक. २८९ घन इंची व्ही-८ इंजिन, मॅन्युअल स्टीअरिंग, पुढे कारखान्याचे १० इंची ड्रम ब्रेक. पुढच्या सगळ्या रबरी बुशांना (सांध्यांतल्या नळ्यांना) तडे गेलेत, वरच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या वरच्या भुजेचे) बुश करकरतात, वळणावर नाक बाहेर पळतं आणि पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा आधी झिजते. वापर मुख्यतः रस्त्यावर, अधूनमधून ट्रॅक डे.

पर्याय तीन दिसतात. पहिला, मूळ रचना ठेवून वरच्या आर्मची भोकं खाली घ्यायची आणि सगळे झिजलेले भाग बदलायचे. दुसरा, ट्यूब्युलर (नळीचे) आर्म आणि कॉइलओव्हरचा (शॉकभोवतीच स्प्रिंग) पूर्ण किट. तिसरा, शॉक टॉवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उभे खांब, ज्यांत स्प्रिंग आणि शॉक बसतात) कापून मस्टँग-टू पद्धतीचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई) बसवायचा. जाणकारांनी कारणांसकट सांगावं. कुठल्या क्रमाने काम करायचं, तेही.

डेट्रॉइटकर

पहिला पर्याय. बाकी दोन पार्टचे आहेत आणि तुमची तक्रार भूमितीची आहे, म्हणजे आर्म कुठून आणि कुठल्या कमानीत फिरतो त्याची.

ही गाडी फोर्डने आपल्याच फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर उभी केली. स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक शॉक टॉवरमध्ये टेकतं. खालचा आर्म एकाच बुशवर झुलतो आणि पुढे जाणारा स्ट्रट रॉड त्याला धरून ठेवतो. यात वरच्या आर्मचा आतला पिव्हट गरजेपेक्षा उंच आहे. त्यामुळे गाडी कलली की बाहेरच्या चाकाला पुरेसा ऋण कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) मिळत नाही, टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. तुमच्या टायरची झीज हेच सांगते आहे.

फोर्डचा अभियंता क्लाउस आर्निंगने यावर काढलेला उपाय साधा होता: वरच्या आर्मचा पिव्हट १ इंच खाली आणि १/८ इंच मागे. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० ला (शेल्बी कंपनीने मस्टँगवरून केलेली वेगवान आवृत्ती) हेच केलेलं होतं, सोबत कोनीचे अ‍ॅडजस्टेबल शॉक आणि १ इंची अँटी-रोल बार (कलणं रोखणारी आडवी सळई). १९६६ च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर शेल्बीने खर्च वाचवायला हे काम थांबवलं. म्हणून त्या वर्षाच्या सगळ्या जीटी ३५० मध्ये ते सापडत नाही.

प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं, एवढंच. खर्च ड्रिल बिटचा. एवढ्या स्वस्तात पुढच्या टोकाच्या वागण्यात एवढा फरक पाडणारं दुसरं काम या गाडीवर नाही. हजारो डॉलरचा ट्यूब्युलर आर्म जुन्याच भोकांत बसवला, तर महागडा आर्म त्याच चुकीच्या कमानीवर फिरतो.

शिमवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भोकं पाडण्याची पद्धत नीट लिहितो, कारण गडबड इथेच होते.

आधी टॉवर तपासा. वरच्या आर्मचे बोल्ट जिथून जातात त्या भोकांभोवती आणि टॉवर-एप्रनच्या (टॉवरला लागून असलेल्या आतल्या पत्र्याच्या भिंतीच्या) जोडावर वायर ब्रश मारून तडे शोधा. तिथे पत्रा दुहेरी आहे आणि दोन थरांच्या मध्ये गंज बसतो. छोट्या हातोडीने टकटक केल्यावर बद्द आवाज आला, तर आधी वेल्डिंगचं काम, भोकं नंतर.

गाडी उचलल्यावर स्टँड फ्रेम रेलखाली लावा. खालच्या आर्मखाली नाही. शॉक वरून काढा (वरच्या टोपीचे तीन नट, खाली स्प्रिंग पर्चवर, म्हणजे आर्मवरच्या स्प्रिंगच्या बैठकीवर, दोन). मग टॉवरच्या तोंडातून आत जाणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरून स्प्रिंग दाबा. मॅकफर्सन स्ट्रटसाठी मिळणारे बाहेरून लावायचे दोन हुक इथे चालत नाहीत. टॉवरच्या आत त्यांना जागा नसते आणि ते निसटतात. दाबलेल्या स्प्रिंगच्या रेषेत डोकं किंवा हात येता कामा नये.

आर्म निघाला की आखणी. जुन्या दोन भोकांच्या केंद्रांतून एक सरळ रेषा मारा. "१ इंच खाली" हे अंतर या रेषेला काटकोनात मोजायचं, जमिनीच्या संदर्भात नाही. गाडी स्टँडवर पुढे-मागे कललेली असते, ओळंब्याने मोजलं तर दोन बाजू वेगळ्या निघतात. मग त्याच रेषेला समांतर १/८ इंच गाडीच्या मागच्या दिशेला. तयार टेम्पलेट मिळतं, जुन्या भोकांत बोल्टने बसवायचं. तेच घ्या, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं उलटून लागतं.

सेंटर पंच खोल मारा. आधी १/४ इंचाचं पायलट भोक, मग ३/८, शेवटी १७/३२. थेट मोठा बिट लावला तर तो दुहेरी पत्र्यात भटकतो आणि भोक लंबगोल होतं. ड्रिल टॉवरच्या पृष्ठभागाला काटकोनात धरा. कडा कानसने साफ करून उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग लावा, नाहीतर दोन थरांमध्ये पाणी शिरतं. जुनी भोकं मोकळी राहिली तरी चालतात. एखादं लंबगोल झालंच, तर जाड वॉशर घालून वेळ मारून नेऊ नका, प्लेट वेल्ड करून पुन्हा पाडा.

शेवटी स्प्रिंग न लावता आर्म बसवा आणि जॅकने चाक वर-खाली पूर्ण फिरवून बघा. बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) कुठे अडतो का, आर्म कुठे घासतो का, हे स्प्रिंग लावल्यावर कळत नाही.

पुणेरी_पिस्टन

दोन शंका. १) बॉल जॉइंटला निगेटिव्ह वेज (तिरकी पाचर) लावावा लागतो असं वाचलंय, ते इथे लागू आहे का? २) भोकं खाली घेतल्यावर गाडी किती बसते?

शिमवाला

१) १ इंचापर्यंत वेजची गरज नाही. काही जण पावणेदोन इंच खाली जातात, तिथे बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या टोकाला पोचतो आणि वेज लावून सॉकेट तिरकं करावं लागतं. असा अडकलेल्या बॉल जॉइंटची मान तुटते आणि या गाडीत भार वरच्याच बॉल जॉइंटवर आहे. रस्त्याच्या गाडीला १ इंच पुरे.

२) साधारण ५/८ इंच. पिव्हट खाली गेला की स्प्रिंगची बैठकही खाली जाते, म्हणून. नवीन स्प्रिंग "१ इंच लो" घेतली तर एकूण दीड इंचाच्या वर खाली येईल, हे स्प्रिंग मागवण्याआधीच धरा.

नाशिकचा_नट

स्प्रिंगवर थोडं. या गाडीत स्प्रिंग आर्मवर बरीच आत बसते. चाक १ इंच वर गेलं की स्प्रिंग जेमतेम अर्धा इंच दबते. याचे दोन परिणाम लोक विसरतात.

पहिला, चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या आकड्याच्या साधारण चौथा भाग असतो, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. ६२० पाऊंड प्रति इंच हा आकडा भीतीदायक वाटतो, पण चाकापाशी तो दीडशेच्या आसपास उरतो. व्ही-८ मस्टँगसाठी ६२० ची १ इंच लो स्प्रिंग ही रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक या वापराची नेहमीची निवड आहे. कंबर मोडणारी नाही.

दुसरा परिणाम, स्प्रिंग कापणाऱ्यांसाठी. बैठक अर्धा इंच कमी झाली की फेंडर जवळपास १ इंच खाली येतं. अंदाजाने पूर्ण वेटोळं उडवलं तर गाडी बंप स्टॉपवर (आर्मची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) बसते. कापायचीच असेल तर पाव-पाव वेटोळं, कटिंग डिस्कने, गॅसने नाही. उष्णतेने तारेचा टेम्पर जातो आणि स्प्रिंग पुढे बसत राहते.

बसवताना खालचं टोक पर्चवरच्या अडणीपासून अर्ध्या इंचाच्या आत असलं पाहिजे. दोन्ही बाजूंना वेगळं बसलं की गाडी एका बाजूला झुकलेली दिसते आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. वरचं रबरी इन्सुलेटर नवं घाला.

डेट्रॉइटकर

पर्चचा विषय निघाला म्हणून. मूळ पर्च रबरी बुशवर आहे आणि आर्म हलताना ते रबर पिळलं जातं. म्हणजे तुमच्या ६२० च्या स्प्रिंगला नकळत आणखी एक स्प्रिंग जोडलेली आहे, जिचा कडकपणा कुणालाच माहीत नाही आणि जिला डॅम्पर नाही. त्याऐवजी बेअरिंगवर फिरणारे रोलर पर्च लावा. छोट्या खड्ड्यांवर पुढचं टोक लगेच मऊ जाणवतं. पूर्ण कामात भोकांच्या खालोखाल पैसे वसूल करणारी गोष्ट हीच.

रबरी पर्चच ठेवणार असाल, तर त्याचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करा. खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टलाही हाच नियम. चाक लोंबकळत असताना घट्ट केलं की बुश कायम पिळलेला राहतो, गाडी उंच उभी राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं.

कोल्हापूर_कॅम

स्ट्रट रॉडच्या पुढच्या बुशांना पॉलियुरेथेन टाकू का? सेटमध्ये तेच येतंय.

शिमवाला

नाही. इथे ठामपणे नाही.

स्ट्रट रॉड दुसऱ्या टोकाला खालच्या आर्मला दोन बोल्टने पक्का आहे. आर्म वर-खाली होतो तेव्हा रॉडला पुढच्या बुशमध्ये कोनात फिरायला लागतं. रबर ते देतं. पॉलियुरेथेन देत नाही, म्हणून रॉड स्वतः वाकतो, प्रत्येक खड्ड्याला थोडा. काही काळाने आट्यांच्या मुळाशी तडा जातो आणि रॉड तुटतो. तोही बहुधा ब्रेक मारताना, कारण तेव्हा रॉडवर सगळ्यात जास्त ताण असतो. तुटला की खालचा आर्म मागे जातो आणि चाक व्हील आर्चमध्ये घुसतं.

दोनच पर्याय: चांगल्या प्रतीचं नवं रबर, किंवा रॉड एंडवर (धातूच्या गोल सांध्यावर) फिरणारा अ‍ॅडजस्टेबल स्ट्रट रॉड. दुसऱ्यात आवाज थोडा वाढतो, पण ब्रेक मारताना चाक मागे सरकणं थांबतं आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) हवा तसा लावता येतो. अँटी-रोल बारच्या लिंक आणि बुशला पॉलियुरेथेन खुशाल वापरा, तिथे ते योग्य आहे.

फास्टबॅक६६

सगळ्यांचे आभार. वरच्या आर्मचं विचारायचं राहिलं. मूळ आर्मची दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? आणि मस्टँग-टू किटबद्दल कुणीच बोललं नाही.

नाशिकचा_नट

मूळ आर्म सरळ असेल तर दुरुस्त होतो, पण कष्ट बघता पूर्ण तयार आर्म परवडतो. कारखान्यातला बॉल जॉइंट रिव्हेटने बसवलेला असतो, त्यांची डोकी ग्राइंड करून काढावी लागतात. आतले बुश आट्यांचे, लोखंडी, ग्रीसवर चालणारे. करकर हा त्यांचाच आवाज, ग्रीस संपल्याचा. ग्रीस निपल टॉवरकडे तोंड करून असतात, सरळ गनचं तोंड तिथे पोचत नाही. म्हणून कित्येक गाड्यांच्या वरच्या आर्मला वर्षानुवर्षं ग्रीस लागलेलंच नसतं. नवा आर्म बसवण्याआधीच ९० अंशाचे निपल लावून ग्रीस भरा. बुश घट्ट करताना शाफ्ट आर्मच्या बरोबर मध्यावर आहे ना, हे दोन्ही बाजूंनी मोजा. नसेल तर कॅस्टरचा हिशोब पहिल्या दिवसापासून चुकतो.

डेट्रॉइटकर

मस्टँग-टू किटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या गाडीला, या वापराला नको.

या गाडीला वेगळी चासी नाही. पुढच्या स्प्रिंगचा सगळा भार टॉवरमधून एप्रनमध्ये आणि तिथून फायरवॉलमध्ये जातो. सांगाडा त्याच वाटेसाठी आखलेला आहे. टॉवर कापले की तोच भार पातळ पत्र्याच्या पुढच्या रेल्सवर येतो, त्याही मधल्या भागात. ज्या रचनेवरून हे किट आलं ती १९७४ च्या लहान मस्टँग-टू ची. किटची गुणवत्ता चांगली असली, रेल्सना आतून प्लेट घातल्या, तर ते नीट चालतं. पण तेव्हाही फायदा मुख्यतः इंजिनच्या जागेचा आहे.

स्टीअरिंग_काका

इथे थोडा वेगळा सूर. ४.६ लिटरचं ओव्हरहेड कॅम इंजिन बसवायचं असेल तर रुंदीमुळे टॉवर आड येतातच. रॅक अँड पिनियनही या किटमध्ये सहज बसतो. ज्याला हे दोन्ही हवंय त्याच्यासाठी किट हा चुकीचा रस्ता नाही. फक्त "हँडलिंग सुधारेल" या एका कारणासाठी टॉवर कापू नयेत. २८९ ला मूळ जागेत भरपूर ऐसपैस आहे, त्यामुळे फास्टबॅक६६ साहेबांना त्याची गरज नाही.

डेट्रॉइटकर

मान्य. इंजिन रुंद असेल तर गणित वेगळं.

टॉवर ठेवणार असाल तर त्यांना बांधा. कारखान्याच्या दोन सुट्या पट्ट्यांच्या जागी एका तुकड्यातला एक्सपोर्ट ब्रेस (टॉवर ते फायरवॉल), आणि दोन्ही एप्रनमध्ये आडवा माँटे कार्लो बार. सरळ बार वाकड्यापेक्षा कडक, पण एअर क्लीनरची उंची आधी मोजा. एक्सपोर्ट ब्रेसची भोकं टॉवरच्या बोल्टशी जुळत नसतील, तर ब्रेस ठोकून बसवू नका. टॉवर वर्षांच्या भाराने आत झुकले आहेत याची ती खूण आहे. इंजिनवरचा भार काढून, टॉवरच्या मध्ये टर्नबकल किंवा पोर्टा-पॉवर (हायड्रॉलिक जॅक) लावून हळूहळू बाहेर ढकला, मग ब्रेस लावा. हे काम भोकं पाडण्याच्या आधी. झुकलेल्या टॉवरवर केलेलं अलाइनमेंट शिममध्ये (भर घालायच्या पातळ पट्ट्यांत) पुरं पडत नाही.

पुणेरी_पिस्टन

सहा सिलिंडरच्या गाडीला हेच सगळं लागू पडतं का? इकडे एका परिचितांकडे १९६५ ची सहा सिलिंडरची आहे.

नाशिकचा_नट

भोकं आणि बुश, हो. पण सहा सिलिंडरच्या गाडीला चार बोल्टची चाकं, ९ इंची ड्रम आणि लहान स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आस) असतात. पाच बोल्टवर जायचं तर स्पिंडल, टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) एंड आणि स्टीअरिंगची जोडणी व्ही-८ ची लागते, नुसता हब बदलून भागत नाही. स्प्रिंगही हलक्या इंजिनाची घ्या, ६२० त्या नाकाला जास्त आहे.

एक व्यवहारातली गोष्ट, इकडे काम करणार म्हणून: सगळे बोल्ट इंची आहेत. १३ चा पाना १/२ इंचावर बसल्यासारखा वाटतो आणि घट्ट नटाची कडा गोल करतो. इंची सॉकेट सेट आधी जमवा. टॉर्कचे आकडे पाऊंड-फुटात मिळतील, न्यूटन-मीटरसाठी १.३५६ ने गुणा.

अलाइनमेंट_अण्णा

आता शेवटचा टप्पा, जिथे चांगलं काम वाया जातं. दुकानात गाडी दिली की ते संगणकात "१९६६" निवडतात आणि जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरसाठीचे कारखान्याचे आकडे लावून देतात. रेडियल टायरला ते चालत नाहीत. आकडे कागदावर लिहून द्या:

कॅम्बर −०.५ ते −०.७५ अंश
कॅस्टर +२ ते +२.५ (मॅन्युअल स्टीअरिंग), पॉवर असेल तर +३
टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) एकूण १/८ इंच

कॅस्टर यापेक्षा वाढवला तर सरळ रेषेत गाडी छान चालते, पण मॅन्युअल स्टीअरिंग पार्किंगला हात दुखवतं.

१९६६ मध्ये समायोजन वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या शिमने होतं. दोन्ही बोल्टांमागचे सारखे शिम काढले की आर्म आत येतो, कॅम्बर ऋण होतो. फक्त पुढच्या बोल्टमागे शिम वाढवला की बॉल जॉइंट मागे जातो, कॅस्टर धन होतो, पण त्यासोबत कॅम्बरही धन बाजूला सरकतो. म्हणून नुसत्या शिमवर दोन्ही गाठणं कटकटीचं. अ‍ॅडजस्टेबल स्ट्रट रॉड असेल तर तो आखूड करून खालचा आर्म पुढे ओढा, कॅस्टर तिथून घ्या आणि शिम फक्त कॅम्बरसाठी ठेवा. फार पुढे ओढलं तर टायर पुढच्या व्हॅलन्सला (बंपरखालच्या पत्र्याला) लागतो, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. १५×७ चं चाक, सव्वाचार इंच बॅकस्पेसिंग (रिमच्या मागच्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) आणि २०५/६० टायर या गाडीत न घासता बसतो.

स्टीअरिंग_काका

यात बंप स्टीअरची भर. गाडी खाली आली की टाय रॉडचं बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जातं. या गाडीत जोडणी एक्सलच्या मागे आहे, म्हणून चाक वर जाताना टायरची मागची बाजू आत ओढली जाते आणि टो-आउट होतो. खड्ड्यात गाडी स्वतःहून दिशा बदलते, ती यामुळे.

मोजायचं असेल तर स्प्रिंग काढलेली असतानाच मोजा. स्टीअरिंग सरळ बांधून ठेवा, हबला सपाट प्लेट लावा, जॅकने अर्धा-अर्धा इंच वर नेत प्रत्येक वेळी प्लेटच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर टिपा. वर जाताना टो-आउट वाढत असेल तर बाहेरचं टोक खाली हवं. बंप स्टीअर किटमध्ये टाय रॉड एंडच्या जागी रॉड एंड आणि स्पेसर येतात, स्पेसर बदलत जा. टोकाला पूर्ण शून्य मिळवायच्या मागे लागू नका, उभ्या उंचीपासून वर-खाली दीड इंचात सपाट आलं की झालं.

आयडलर आर्म (स्टीअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने धरणारा) हातात धरून वर-खाली हलवून बघा. ढिला असेल तर बेअरिंगचा लावा, नाहीतर वरची सगळी मापं फिरत राहतील.

फास्टबॅक६६

मग क्रम असा धरतो: टॉवरची तपासणी आणि मोजमाप, ब्रेस जुळतो का, भोकं, नवे आर्म, स्प्रिंगशिवाय पूर्ण हालचाल आणि बंप स्टीअर, मग रोलर पर्च, ६२० ची स्प्रिंग, रॉड एंडचे स्ट्रट रॉड, १ इंची बार, शेवटी अलाइनमेंट. ड्रम सध्या तसेच. यात काही चुकतंय का?

शिमवाला

क्रम बरोबर. ब्रेकचा विचार मात्र आत्ताच करा. डिस्क कधी ना कधी लावणारच असाल तर स्पिंडल आता सुटलेले आहेत, नंतर हेच बॉल जॉइंट पुन्हा खोलावे लागतील. १९६५ ते ६७ च्या चार पिस्टनच्या केल्सी-हेज कॅलिपरची जोडणी मिळते आणि गाडीला शोभते. ट्रॅक डेला ड्रम तापून धरेनासे होतात, चांगल्या सस्पेन्शनने वळणाचा वेग वाढला की ते आणखी लवकर होतं.

बॉल जॉइंटच्या नटाला टॉर्क दिल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे घट्ट करून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. आणि दोनशे-तीनशे मैल चालवल्यावर वरच्या आर्मचे चारही नट पुन्हा टॉर्कला तपासा. नव्या भोकांभोवतीचा रंग दाबला जातो आणि पकड थोडी सैल होते. त्यानंतर टो पुन्हा एकदा मोजून घ्या.